माझ्या नावाची शिवी

करंजावाली मावशी डोंगर चढताना सतत शिव्या देत असे, आणि त्या सगळ्या मला असत. मी तिच्या पुढे असलो तरी मला, मागे असलो तरी मला, आणि ताप येऊन घरी पडलो असलो तरी मलाच. नवखा माणूस दचकून माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "घाबरू नका, मावशी चाल मोजतायत." हे खोटं नव्हतं. शिवी न अडखळता पुरी झाली तर पाय बरोबर पडतायत, मध्येच श्वास अडला तर चाल कमी करायची, असा तिचा नियम होता. स्वल्पविरामाला श्वास घ्यायची मुभा होती, शब्दाच्या मध्ये नाही. साठीनंतर डोंगर कसा चढावा यावर मी पुष्कळ ऐकलंय, चार ठिकाणी बोललोही आहे, पण याहून सोपं माप मला अजून सापडलेलं नाही.

शिवी ठरलेली होती. "जल्ली तुजी शिट्टी, जल्ला तुजा त्वांड, मना बसवलास पिशव्यांव, तू बी बसशील, मेल्या, तू बी बसशील." शब्दाला एक पाऊल, अशी सोळा पावलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

ही शिवी मी कमावलेली आहे. मी पनवेलच्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर. गळ्यात शिट्टी, आणि जग दोन रांगांत उभं राहायला जन्मलंय अशी ठाम समजूत. रविवारी आमच्या नवीन पनवेलच्या सेक्टरातल्या पन्नाशी-साठीच्या दहा-बारा जणांना घेऊन मी डोंगरावर जायचो. मावशी मूळची करंजाची, म्हणजे खाडीकाठच्या कोळीवाड्याची. तीस वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या इमारतींचे जिने चढली. मुलाला बंदरात नोकरी लागल्यावर त्यानं पनवेलजवळच्या करंजाड्यात फ्लॅट घेतला आणि आईला म्हणाला, आता पुरे. तिला काही पुरे वाटेना. आठवड्यातले दोन दिवस ती हट्टानं पाटी घेऊन यायचीच. अशीच एकदा माझ्या बायकोला पापलेट निवडून देता देता म्हणाली, "बाय, मी पन येतंय तुमच्यासंगं डोंगराव."

पहिलाच रविवार, कर्नाळा. मावशीनं नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पायात साध्या रबरी चपला. ती सगळ्यांच्या मागे, एकाच संथ चालीनं येत होती. मला वेळेत परतायचं होतं. किल्ल्याच्या खालच्या चढावर मी शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "मावशी, तुम्ही इथंच बसा. पिशव्या सांभाळा. वर तुमच्याच्यानं व्हायचं नाही." ती दमलेलीसुद्धा नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही. बारा पिशव्यांचा ढीग तिच्याभोवती रचला आणि आम्ही वर गेलो.

दोन तासांनी उतरलो तर मावशी काठी घेऊन बसलेली. भोवती माकडांची टोळी. अकरा पिशव्या जशाच्या तशा होत्या. बाराव्या पिशवीचा पट्टा झाडावर लोंबत होता, डबा पालथा पडला होता आणि एक माकड माझा नवा टॉवेल पांघरून बसलं होतं. मी ओरडलो, "मावशी, ही एकच कशी गेली?" ती म्हणाली, "गेली नाय. सोडली."

त्या दिवसापासून तिच्या तोंडचं 'सर' गेलं, 'तुमी' गेलं. मी 'शिट्टीवाला' झालो. मासे मात्र ती आमच्याकडे देत राहिली. शेजारच्यांना सुरमईचे मधले तुकडे, आमच्या ताटात शेपटीकडचे. बायकोनं तक्रार केली तर म्हणायची, "तुजी पापलेटं वेगली हायत बाय. ह्यो वाटा त्याचा." सात वर्षं मी शेपटी खाल्ली. लोक म्हणतात राग शांत होतो. मावशीनं डूख धरला होता, आणि तो रोज ताजा राहील अशी सोय केली होती.

ती सोय म्हणजे करंजाड्याच्या इमारतीचा जिना. सात मजले, तेही लिफ्ट असताना. ती रोज सकाळी जुन्या पाटीत ओली वाळू भरून डोक्यावर घ्यायची आणि चढायची. आधी एकदा, मग दोनदा, पुढे चारदा. वॉचमन आडवा आला, "आजी, जिन्यावर वाळू सांडते." मावशीनं त्याला उलट विचारलं, "सांडली? दाव कुटं." सात मजले झाडूनही चिमूटभर सापडली नाही. डोक्यावरची पाटी हलली की पाऊल चुकलं, एवढंच तिचं शास्त्र होतं. अख्खा तळवा टेकायचा. टाच आपटायची नाही. थकवा आला तर उभ्यानंच टेकायचं, कारण "वझं घेऊन बसलेली बाई परत उटत नाय." तहान लागायच्या आधी घोटभर पाणी, भूक लागायच्या आधी घासभर भाकरी. आणि प्रत्येक मजल्याला माझी शिवी. चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंना वाटलं, मावशी नवऱ्याच्या आत्म्याला घालून पाडून बोलतेय. त्यांनी सहानुभूतीनं चहा आणून दिला.

रविवारी ती परत येऊ लागली. मी तिला बोलावलं नाही आणि हाकलायची हिंमतही झाली नाही. मात्र मनात म्हटलं, एकदा हिची जिरवतो. प्रबळगडाला मी पहिल्यापासून घोड्यासारखा सुटलो. माझ्या मागे मंडळी धापा टाकत आली. एकाच्या पोटरीत गोळा आला, एकाला उलटी झाली. आम्ही वर लोळत पडलो होतो तेव्हा वीस मिनिटांनी मावशी आली. तिच्या कपाळावर घामाचे चार थेंब होते आणि "तू बी बसशील" हे शेवटचे शब्द अगदी खणखणीत. पुढच्या रविवारी दोघं जण तिच्या मागे चालायला लागले. वर्षभरात नऊ झाले. त्यात माझी बायको होती. पुढे शिट्टी वाजवणारा मी आणि माझ्यामागे हौसेनं येऊ लागलेले माझे तिशीतले दोन भाचे, असा आमचा मोर्चा निघायचा. मागून नऊ माणसं एका सुरात मला शिव्या देत यायची.

मग कळसूबाई आली. तेव्हा मी एकोणसाठचा, मावशी सदुसष्टची. मी नेहमीसारखा सुटलो. दुसऱ्या शिडीनंतर पायांत गोळे आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी शिट्टी वाजवत राहिलो, कारण शिट्टी वाजतेय तोवर मास्तर ठीक आहे असं सगळ्यांना वाटतं. मावशीला वाटलं नाही. शेवटच्या चढाखालच्या सपाटीवर तिनं मला गाठलं. म्हणाली, "तुजी शिट्टी अर्दीच वाजते. कवाधरनं ऐकतंय."

तिनं मला सावलीत बसवलं. छातीत दुखतंय का, हात जड झालाय का, दोनदा विचारलं. मीठ-लिंबाचं पाणी घोटघोट पाजलं, भाकरीचा तुकडा चावायला लावला. अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रंग परत आला, मी उठायला लागलो, तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबलं. मग गळ्यातली शिट्टी काढून घेतली. सगळ्यांच्या पिशव्या मागवल्या आणि एकेक करून माझ्याभोवती रचल्या. अजिबात घाई न करता.

"हितंच बस. पिशव्या सांभाल. वर तुज्याच्यानं व्हायचा नाय."

सात वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. कोणी हसलं नाही. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती मावशीच्या मागे शिडी चढायला लागली. सरबत विकणाऱ्या बाईला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगून सगळे गेले. मी पिशव्यांपाशी बसलो. म्हातारं होणं काय असतं ते मला त्या तासाभरात कळलं. गुडघे दुखणं हा त्यातला लहान भाग. कोणीतरी आपल्याकडे न बघताच आपलं ठरवून टाकतं, तो मोठा. मी हे तिला केलं होतं, आणि ती तर दमलीही नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात शिखरावरून माझीच शिट्टी वाजली. लांब, पुरी, कुठेही न तुटता.

उतरताना तिनं माझा हात धरला तो पायथ्याशी सोडला. तीन तास. "पाय आडवा टाक." "गुडगा वाकव." "खाली बग." एक गोड शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी घेऊन दारात हजर. त्या दिवशी मला सुरमईचा मधला तुकडा मिळाला. "उंद्यापासनं जिन्याव ये," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही दमानं चढायला सांगितलं. वर्षभर मी करंजाड्याचे सात मजले चढलो. पहिल्या दिवशी विचारलं, "मावशी, मी कोणाला शिव्या देऊ?" ती म्हणाली, "नवी कशाला पायजे? तुजी हाय ना तयार." तेव्हापासून मी स्वतःला शिव्या देत चढतो. बरं चढतो.

एकदा चौथ्या मजल्यावर उभ्यानं टेकलो असताना धीर करून विचारलं, "मावशी, आता तरी माफ केलंत का?"

"नाय," ती म्हणाली. "माफ केला तर मी चडू कशी?"

दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. शेवटचे पंधरा दिवस अंथरुणावर होती. भेटायला गेलो तर डोळे मिटूनच म्हणाली, "आला काय शिट्टीवाला. बस." मी बसलो. खूप वेळ बसलो. बाराव्यानंतर तिचा मुलगा संकोचत म्हणाला, "सर, तुमची शिट्टी आईच्या उशाखाली होती. पण आई सांगून गेलीय, त्याला परत द्यायची नाय." मी म्हटलं, देऊ नकोस. तिथून बाहेर पडलो आणि जिन्यावरच रडलो.

आता मी सगळ्यांच्या मागे चालतो. गेल्या हिवाळ्यात कळसूबाईला गेलो तेव्हा आमच्यात एक नव्या बाई होत्या, सहासष्ट वर्षांच्या, निवृत्त नर्स. शिवी त्यांनीही शिकून घेतली होती, पण हसत हसत, शाळेतल्या पाढ्यासारखी म्हणायच्या. शेवटच्या सपाटीवर त्या थांबल्या. श्वास ठीक, रंग ठीक, पायही ठीक होते. धीर तेवढा सुटला होता. म्हणाल्या, "तुम्ही जा सर, मी बसते पिशव्यांपाशी."

मी समजूत काढू शकलो असतो. त्याऐवजी सगळ्यांदेखत, जुन्या मास्तरच्या आवाजात म्हणालो, "बसाच. मला पहिल्यापासून माहीत होतं. वर तुमच्याच्यानं व्हायचं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. त्यांनी काठी उचलली, पहिल्या पायरीवर अख्खा तळवा टेकला आणि माझ्याकडे न बघता सुरुवात केली. "जल्ली तुजी शिट्टी, जल्ला तुजा त्वांड..." मी चार पायऱ्यांचं अंतर ठेवून मागे चढत राहिलो, कान देऊन. शिवी शिखरापर्यंत एकदाही तुटली नाही.