दाबून लिही

मंदारदादाने माझं अक्षर पहिल्यांदा बघितलं ते कागद उलटा करून. दिसत नसलं तरी तो ‘बघितलं’ असंच म्हणायचा. विक्रोळीला पार्कसाइटच्या चाळीत, त्यांच्या खोलीतल्या कॉटवर बसून त्याने मला चार वाक्यं सांगितली. मी ती लिहिली. त्याने वही मागून घेतली, पान परतवलं आणि मागच्या बाजूने सावकाश बोटं फिरवली. मग तोंड वाकडं करून म्हणाला, "काय गं, उपाशी आहेस का? अक्षराला जोरच नाही. दाबून लिही."

मी तेव्हा अकरावी सायन्सला होते आणि मला राग फार पटकन यायचा. अजूनही येतो. मी म्हटलं, "तुला वाचायचंय का? तपासणाऱ्याला दिसलं म्हणजे झालं."

त्याच्या आईने, परबकाकूंनी, गॅसपाशी पोहे परतता परतता मागे न बघताच मला समजावलं, "चेडवा, तेचा मनार घेव नको. तो असोच आसा." मंदारदादा मात्र मोठ्याने हसला. "जमेल आपलं. ही बोलते तरी दाबून," म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने मला नावाने हाक मारली नाही. मी ‘रायटर’ झाले. "काय रायटर, जेवलीस का?" असं तो जिन्यातल्या माझ्या पावलांवरूनच विचारायचा.

ज्यांना परीक्षेत स्वतः लिहिता येत नाही त्यांना लेखनिक मिळतो. ते सांगतात, लेखनिक उतरवतो. मंदारदादाची नजर शाळेत असतानाच हळूहळू गेली होती, त्यामुळे अक्षरं त्याला माहीत होती, रंग माहीत होते, चाळीमागची टेकडी माहीत होती. आता तो घाटकोपरच्या एका कॉलेजात एफवाय बीकॉमला होता, मराठी माध्यमातून पेपर देणारा त्या वर्गातला बहुधा एकटाच. विषयांत त्याचा जीव होता अर्थशास्त्रावर. बाकीची पोरं ज्या पेपरला ‘एको’ म्हणून नाक मुरडायची, त्याची पुस्तकं हा रेकॉर्ड करून घेऊन दोनदा-तीनदा ऐकायचा.

त्याच्या खिशात नेहमी बॉलपेन असायचं, निळं, जाड टोकाचं. जेल पेन त्याला चालत नसे. बॉलपेनने दाबून लिहिलं की कागदाच्या मागे उठाव येतो आणि त्याला तो हाताला लागायचा. "मराठीत एक बरं आहे," तो म्हणायचा, "प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर रेघ असते. ओळ सरळ चाललीय की उतरंडीला लागलीय, बोटाला कळतं." अक्षरन् अक्षर त्याला वाचता येत नसे, पण पानावर काहीतरी आहे एवढी खात्री करून घेतल्याशिवाय तो पुढच्या प्रश्नाकडे जात नसे.

अंध विद्यार्थ्यांना आकृतीऐवजी दुसरा प्रश्न सोडवायची मुभा असते. पहिल्याच परीक्षेत पर्यवेक्षक सरांनी त्याला तसं सांगितलं. मंदारदादा उठून उभा राहिला. "सर, डोळ्यांची सूट घेतो. डोक्याची कशाला घेऊ?" आणि खाली बसून मला म्हणाला, "रायटर, उभी रेघ काढ, तिच्यापाशी किंमत लिही. आडवी काढ, तिच्याखाली मागणी. आता वर डावीकडे पेन ठेव आणि आपली टेकडी उतर. घसरू नको. उतर." मी मागणीचा वक्र काढला. त्याने पान उलटं करून त्या उतारावरून बोट खाली आणलं, मान डोलावली. सर खुर्चीवरून उठून बघायला आले होते.

न समजता लिहिलेलं त्याला खपत नसे. "कळल्याशिवाय उतरवते ती रायटर नाही, झेरॉक्स मशीन," असं म्हणून तो परीक्षेआधी प्रत्येक धडा मला शिकवायचा. त्याची सगळी उदाहरणं चाळीतली. समतोल किंमत म्हणजे काय, तर बाजार उठायच्या वेळी आई स्टेशनजवळ कोथिंबीर घेते तो भाव. भाजीवाल्याला जुडी परत न्यायची नसते, आईला रिकाम्या हाताने यायचं नसतं, दोघांचं जिथे जमतं ती किंमत. परबकाकू म्हणायच्या, "माझ्या कोथिंबिरीचो पेपरात कित्याक उद्धार करतंस?" तो म्हणायचा, "आई, तुझ्या जुडीवर मला आठ मार्क आहेत." सायन्सच्या क्लासमध्ये मी तासन् तास नुसती बसलेली असायचे. जाग यायची ती ह्या खोलीत.

त्याला काय हवं होतं ते त्याने कधी लपवलं नाही. त्याला बँकेत काउंटरमागे बसायचं होतं. "लोक रांगेने येतील. मी विचारीन, बोला, काय काम आहे? आत्तापर्यंत सगळे मलाच विचारत आलेत, काय मदत करू." त्या परीक्षेला बसायला पदवी लागत होती. वडील गेलेले, काकू एका केटररकडे चपात्या लाटायला जायच्या, आणि गुडघ्यांनी त्यांना दगा द्यायला सुरुवात केली होती. मला जिन्यापर्यंत सोडायला येत आणि हळूच म्हणत, "मी आसय तोवर ठीक. मगे काय?" त्या ‘मगे’ला मंदारदादाकडे एकच उत्तर होतं, बीकॉम.

दोन वर्षं मी त्याचे पेपर लिहिले. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी घरी भांडून बीकॉमला प्रवेश घेतला, त्याच्याच कॉलेजात. पेढे घेऊन त्याच्याकडे गेले. तो पेढा अर्धाच खाऊन म्हणाला, "झकास. आता तू माझी ज्युनिअर. रॅगिंग करणार."

नियम मला कळला तो ऑफिसच्या खिडकीवर, टीवायच्या, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी त्याचा लेखनिक म्हणून नाव द्यायला गेले तेव्हा. खिडकीतल्या बाईंनी माझं ओळखपत्र बघितलं आणि परत सरकवलं. लेखनिक त्याच शाखेचा चालत नाही. सायन्सला राहिले असते, तर चालले असते. मी बाईंशी भांडले, नियम करणाऱ्याचा उद्धार केला, मग मागे वळून त्याच्यावर घसरले, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सायन्सला कुजत बसली असतीस, मला पेपर लिहून द्यायचे म्हणून. ओळखतो ना मी तुला." मग माझा खांदा चाचपून थोपटला. "रायटर मिळतात गं. अर्थशास्त्र आवडणारं माणूस मिळत नाही."

रायटर मिळाली. लेखनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप फिरला आणि केतकी नावाच्या मुलीचा फोन आला. डिप्लोमाची विद्यार्थिनी, मुलुंडची, आवाजाने गोड. मी समोरच होते. मंदारदादाने तिला विचारलं, "मराठी पेपर आहे हां. मराठी येतं ना?" ती म्हणाली, "हो दादा, आम्ही घरी मराठीच बोलतो." तिच्याही परीक्षा चालू होत्या, त्यामुळे ती थेट पेपरच्या दिवशीच येणार होती. तिला चार ओळी लिहायला लावून कागद उलटा करायची संधी मिळाली नाही. त्याने विचारलं ते विचारलं, तिने सांगितलं ते खरं सांगितलं, आणि आम्हा दोघांनाही त्यापुढे काही विचारायचं सुचलं नाही.

पहिला पेपर अर्थशास्त्राचा होता. सुटायच्या वेळेला मी कॉलेजच्या पायऱ्यांवर थांबले होते. तो आला तो उड्या मारायचाच बाकी होता. "रायटर, झकास गेला! सगळे प्रश्न झाले. आकृतीसकट. पोरगी काय फास्ट लिहिते!"

केतकी लाजली. म्हणाली, "दादा किती मस्त सांगतात. मीच स्लो पडले असते, पण मी एक आयडिया केली. मला मराठी लेटर्स लिहायला खूप टाइम लागतो ना, कॉन्व्हेंटची आहे मी. म्हणून मी मराठीच लिहिलं, पण इंग्लिश लेटर्समध्ये. आपण चॅटवर लिहितो ना, तसं. चालतं ना?"

अख्खा पेपर. पर्यवेक्षक होत्या, पण पानावर इंग्रजी अक्षरं बघून त्यांना वाटलं असणार, इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी आहे. मंदारदादाने तिला आपलं बॉलपेन दिलंही होतं. ती म्हणाली होती, माझं जेल पेन फास्ट चालतं, आणि तिला लिहायला सोपं जावं म्हणून त्याने हट्ट धरला नव्हता. त्याने पानं उलटून बघितली होती. हाताला काही लागलं नाही, तेव्हा जेल पेन आहे, लागणार नाहीच, असं म्हणून सोडून दिलं. बॉलपेन असतं तर शब्दांच्या डोक्यावर रेघ नाही हे त्याला पहिल्याच पानाला कळलं असतं.

मी तोंड उघडलं होतं. मी तिला काय काय बोलले असते, देव जाणे. मंदारदादाने माझं मनगट घट्ट धरलं. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं, पण आवाज तसाच ठेवून तो म्हणाला, "चालतं गं. दमली असशील. चल, चहा घेऊ."

कॅन्टीनमध्ये त्याने तिला तिच्या कॉलेजबद्दल विचारलं, परीक्षेला शुभेच्छा दिल्या. ती रिक्षात बसून गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाकीचे पेपर चाळीतल्या समोरच्या खोलीतल्या आर्ट्सच्या मुलीने, तिची स्वतःची परीक्षा तोवर संपली म्हणून, लिहिले आणि त्यात तो सुटला. अर्थशास्त्रात नापास. आम्ही कॉलेजात गेलो, विद्यापीठात गेलो. सगळीकडे माणसं चांगली भेटली, हेच वाईट. प्रत्येकजण चुकचुकला, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला की मान्य नसलेल्या लिपीतला पेपर तपासता येत नाही. कुणी खेकसलं असतं तर निदान मला भांडता तरी आलं असतं.

खरी वाट लागली ती त्यानंतर. केटीला, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेला, तो पुन्हा बसला. लिहायला तीच समोरची मुलगी, मराठी शाळेत शिकलेली, हातात बॉलपेन. पण मंदारदादा प्रत्येक वाक्यानंतर थांबायला लागला. "वाच काय लिहिलंस ते." तिने वाचलं की "परत वाच." मग पान उलटं करून बोटं फिरवायची, मग पुढचं वाक्य. ती मुलगी बाहेर येऊन रडली. "ताई, मी खरंच मराठीत लिहितेय, दादांना खरंच वाटत नाही." वेळ संपली तेव्हा जेमतेम दीड प्रश्न झाला होता. पुढच्या खेपेला त्याने ठरवलं होतं की विचारायचं नाही. आकृतीपर्यंत निभावलं, आणि मग पुन्हा सुरू, वाच, परत वाच. "मला माहितीये ती नीट लिहितेय," तो मला म्हणाला. "डोक्याला माहितीये. हात ऐकत नाही."

त्यानंतर त्याने फॉर्म भरला नाही. मी खूप डोकं फोडलं. एकदा तर ओरडले की एका पोरीच्या वेडेपणापायी तू आयुष्य टाकणार का? तो शांतपणे म्हणाला, "तिला का बोलतेस? तिने सगळं लिहिलं होतं गं. एक शब्द सोडला नव्हता." तो पेपर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पेपर होता हे त्याला ठाऊक होतं, आणि तो कुणीही वाचला नव्हता. मला आजही कळत नाही की मी राग कुणावर धरावा. कुणीच सापडत नाही आणि राग तर जात नाही.

मला बीकॉम मिळालं. अर्थशास्त्रात बरे मार्क मिळाले, ते कोथिंबिरीच्या जुडीवर. आज मी अंधेरीच्या एका ऑफिसात दिवसभर बिलं कॉम्प्युटरवर चढवते. त्यात समतोल किमतीचा कुणी प्रश्न विचारत नाही. ह्या पदवीच्या कागदासाठी तो एवढा झिजला, हे आठवलं की मला जेवण जात नाही.

पदवीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा बाबांनी हौसेने लगेच त्याला लॅमिनेशन करून आणलं. ते घेऊन मी पार्कसाइटला गेले. खोलीत बोचकी बांधलेली होती. काकूंचे गुडघे पार गेले होते आणि दोघं कणकवलीकडे गावी निघाली होती, कायमची. "थंय निदान घर आसा," काकू म्हणाल्या, आणि चहाच्या कपासाठी बांधलेलं बोचकं पुन्हा सोडायला लागल्या.

"काय रायटर, जेवलीस का?" मंदारदादा कॉटवरून म्हणाला. "आण बघू. बघू दे."

मी ते त्याच्या हातात दिलं. त्याने आधी चारही कडा चाचपल्या. वरून तळवा फिरवला. मग सवयीने उलटं केलं आणि मागच्या बाजूने बोटं टेकवून वरपासून खालपर्यंत आणली, सावकाश, एकेक ओळ शोधत. खालपर्यंत पोचल्यावर पुन्हा वर गेला. प्लॅस्टिकवरून बोटं नुसती सरकत होती.

"काहीच लागत नाही गं," तो म्हणाला.

"लॅमिनेशन केलंय, दादा. आत आहे सगळं. तुला वाचून दाखवते."

"नको." त्याने ते प्रमाणपत्र दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. "तू खोटं वाचणार नाहीस, माहितीये मला. पण आता कुणी वाचलं की मला..." मी ते घेतलं. मग त्याने खिशातून ते निळं बॉलपेन काढलं, चाचपडत माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवली.

गाडीची वेळ होत आली होती. काकूंनी बोचकं पुन्हा बांधलं आणि मी ते उचलून जिना उतरले. मागून तो भिंतीला हात लावत येत होता.