शके १८१३चा जर्मन क्रॉस

जुनी जर्मन पदकं जमवायचा नाद लागला की पदकं जमतात चार आणि किस्से चाळीस! पदक निदान डबीत गप्प पडून राहतं. किस्सा गावभर हिंडतो आणि दुप्पट होऊन परत येतो.

पहिलं महायुद्ध संपलं, आमच्या बेळगाव भागातले शिपाई घरी आले. कुणाच्या ट्रंकेत पितळी बटणं, कुणाच्या ट्रंकेत जर्मनांचा तो काळा लोखंडी क्रॉस. शहापुरात दत्तूअण्णा सोनारांच्या दुकानात दर रविवारी दुपारी आम्ही तिघं बसायचो. धातू अण्णांनी ओळखायचा, साल पंचांगवाल्या नानांनी लावायचं आणि वाद मी घालायचा, कारण मी शाळेत सायन्स शिकवत होतो.

*

माझा पहिला क्रॉस मी अण्णांकडे बघायला ठेवला. आठवड्यानं गेलो तर तो लखलखतोय!

"चिंच आणि राख लावून घासलो. लई मळ हुता, मास्तर," अण्णा खूश.

वरचा काळा रंग पार गेला होता. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"अण्णा, तो मळ नव्हता. जर्मनी होती ती!"

तेव्हापासून दुकानात एक नियम झाला. पदक आलं की आधी चिंचेची बरणी आत!

*

एका रविवारी येळ्ळूरचे आप्पा आले. पलटणीत हवालदार होते, आता शेती करायचे. पटक्याच्या शेमल्याची गाठ सोडून त्यांनी एक क्रॉस पुढं ठेवला.

"जर्मन सायबाचं हाय. गाव म्हणतंय, लोंढ्याच्या फलाटावर इकत घेतलास. खरं हाय का न्हाय, कागदावर लिहून द्या. चावडीत वाचायचं हाय."

"पण तुम्हाला मिळालं कसं?"

"आधी खरं-खोटं करा. मग सांगतो."

यानंतर दर रविवारी हा माणूस येळ्ळूरहून चालत यायचा. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. निकाल काही लागेना, आणि आम्हालाच आमची लाज वाटायला लागली.

*

साल लावायचं काम नानांचं. त्यांनी क्रॉस हातात घेतला तो नेमका पाठीकडून. तिथं आकडा होता १८१३. नानांचा सगळा जन्म पंचांगात गेलेला. ते म्हणाले, "शके अठराशे तेरा! त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा. इसवी सन अठराशे एक्याण्णव."

"तवा मी पाळण्यात हुतो की!" आप्पा म्हणाले.

मी क्रॉस उलटा करून दिला. पुढच्या बाजूला १९१४. नानांनी पुन्हा अठ्ठ्याहत्तर मिळवले आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "एकोणीसशे ब्याण्णव. हे अजून तयार झालेलं नाही."

आप्पा उठून उभे राहिले. "म्हंजे पुढची लढाई बी मी करून आलोय व्हय?"

*

शेवटी मी धारवाडच्या एका पाद्रीसाहेबांना पत्र घातलं. त्यांना जर्मन येत होतं. उत्तर आलं, की हा मान १८१३ साली सुरू झाला म्हणून ते साल नंतरच्या क्रॉसवरही पाठीमागं असतं. लढाई कोणती, ते पुढचं साल सांगतं.

नानांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "असं होय! पाठीवर घराण्याचं साल आणि पोटावर पोराचं!"

*

राहिला धातू. खऱ्या क्रॉसचं पोट लोखंडी आणि कड चांदीची. तेव्हा मी शाळेतला लोहचुंबक घेऊन बसायला लागलो. निपाणीचे एक व्यापारी मोठ्या ऐटीत आपला क्रॉस घेऊन आले. चुंबक लावला, चिकटेना. सगळं पितळ!

व्यापारी जराही डगमगले नाहीत. "मास्तर, तुमचा चुंबक इंग्लिश कंपनीचा. जर्मनाला कसा चिकटंल?"

आम्ही पोट धरून हसलो. आप्पा हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी आपला क्रॉस गाठीतून काढलाच नाही. जाताना एवढंच म्हणाले, "माझ्याला त्यो चुंबक हितं लावू नगा. काय व्हायचं ते चावडीत हू दे. समद्यांसमोर."

*

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही तिघं येळ्ळूरला गेलो. चावडी भरली होती. अण्णांनी कड कसोटीच्या दगडावर ओढली. चांदी! नानांनी साल वाचलं आणि या खेपेला काही मिळवलं नाही. मी चुंबक जवळ नेला. चुंबक खट्कन चिकटला.

मी कागद वाचून दाखवला. फलाटाचा संशय घेणाऱ्या गावच्या पाटलांनी मोकळ्या मनानं हार मानली. "जिंकलास, आप्पा. आता सांग, त्या जर्मनाला मारलास कसा?"

"मारलो कोण म्हणतंय? कैदी हुता त्यो. माझा पहारा हुता. खिशातनं फोटू काढून दावला, तान्ही पोरगी. भाषा कळंना, पर एवढं कळतंय की! माझ्याकडं गुळाचा खडा हुता. त्याचं तोंड गोड केलो. त्यानं छातीवरचं ह्ये काढून माझ्या हातात ठेवलं."

पाटलांनी विचारलं, "आरं, मग हेच तवाच सांगायचं! एवढं खरं-खोटं कशापायी काढत बसलास?"

आप्पांनी क्रॉस पुन्हा शेमल्यात बांधला.

"त्यानं दिल्यालं खरं हाय का, बघाय नको? मी दिल्याला गूळ खरा हुता की रं!"