घोडकड्याची सोपी वाट

धावडेवाडीचा तलाव अणदूरपासून जीपनं अर्ध्या तासावर. मागं बालाघाटाची उतरती टेकडी, तिच्यावर धावडा, सालई, पळस आणि मधेच सीताफळीची रानं. कोंडीरामनं उभं आयुष्य या रानात काढलं. रोपं लावायची, चर खणायचे, उन्हाळ्यात वणवा लागला की ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवायचा. पगारी नोकर तो कधी झाला नाही, रोजंदारीवरच राहिला. पण कोणत्या ओघळीत मोराची अंडी असतात आणि कोणत्या कपारीत तरस बसतं, हे त्याला विचारल्याशिवाय गावात कुणाला कळत नसे.

दोन वर्षांपूर्वी गावानं तलाव पर्यटन समिती काढली. सोलापूर, धाराशिवची माणसं सुट्टीच्या दिवशी चालायला येतात, त्यांच्यासाठी रानात वाटा आखायच्या असं ठरलं. समितीचा सचिव रणधीर. पंचविशीतला, पुण्यात राहून आलेला, कामाचा उरक असलेला पोरगा. तो कोंडीरामकडं आला नि म्हणाला, "तात्या, तीन वाटा पायजेत. एक म्हाताऱ्याकोताऱ्यांला, लेकरांला झेपंल अशी. एक मधली. आणि एक अवघड, तरण्या पोरांसाठी. तुमच्याशिवाय कोण आखणार?"

कोंडीरामला त्या वेळी छप्पन्न वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत असं कुणी त्याला विचारायला आलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात तो झपाटल्यासारखा राबला. अवघड वाट आधीपासूनच होती, मेंढक्यांची. टेकडीच्या सोंडेवरून घोडकड्याच्या अंगानं ती जाते. तिथं मुरूम पायाखालून सरकतो आणि एका ठिकाणी तर खडकाला धरूनच पुढं सरकावं लागतं. मधली वाट झऱ्यापर्यंत, दाट झाडीतून. त्याचा सगळा जीव मात्र सोप्या वाटेत होता. तलावाच्या कडेकडेनं बांधावरून ती काढायची होती. त्यासाठी तो रोज बायकोला, दैवशालाला, सोबत नेई. विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून तिचा खुबा दुखायचा, काठी घेऊन चालायची. ती जिथं थांबेल तिथं तो सपाट धोंडा आणून बसवी.

"हितं नको," ती म्हणायची, "हितं ऊन येतंय. त्या हिवराखाली टाका."

तो धोंडा पुन्हा उचलून हिवराखाली नेई. जिथं तिचा पाय अडखळला तिथली मुळं त्यानं कुऱ्हाडीनं तासली. असे सतरा धोंडे बसले. मग दगडांवर बाण काढले. सोप्या वाटेला पांढरे, मधलीला पिवळे, अवघडला लाल.

उद्घाटनाच्या आठवड्यात त्याला ताप आला. तो चार दिवस घरी पडून राहिला आणि त्याच चार दिवसांत पाट्या लागल्या. तलावाच्या कोपऱ्यावर, जिथून तिन्ही वाटा फुटतात, तिथं लोखंडी खांबांवर मोठ्या अक्षरांत. पाट्या बसवणारी माणसं बाहेरगावची. दिसायला नीटस हवं म्हणून त्यांनी दगडांवरचे सगळे बाण एकाच रंगात, पांढऱ्यात, रंगवून टाकले होते.

ताप उतरल्यावर कोंडीराम तिथं गेला. त्याला सावकाश का होईना वाचता येत होतं. घोडकड्याच्या वाटेवर पाटी होती, 'सोपी वाट. ज्येष्ठ नागरिक व मुलांसाठी.' आणि तलावाच्या कडेला 'अवघड वाट.'

तो तसाच रणधीरकडं गेला.

"पाट्या उलट्या लागल्यात की. कड्याच्या वाटंला सोपी लिवलंय."

रणधीरनं कपाळाला हात लावला. "अरे देवा! पर तात्या, खांब सिमेंटात बसलेत. परवा उद्घाटन हाय, पत्रिका वाटल्यात. आता उकरलं तर वाईट दिसंल. झालं की आपण करू."

"आन् कुणी चढलं तर?"

"तुम्ही हायता की तिथं. तुम्ही सांगा."

उद्घाटन झालं, फोटो निघाले. पाट्या तशाच राहिल्या. कोंडीराम रोज सकाळी फाट्यावर जाऊन बसे आणि येईल त्याला सांगे, "पाटी बघू नगा, हिकडून जावा." काही ऐकत, काही हसत. दर दोन दिवसांनी तो रणधीरला आठवण करी. रणधीर म्हणे, "गवंडी येतोय." असे तेवीस दिवस गेले.

चोविसावा दिवस रविवार होता. लोहाऱ्याला त्याच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न, न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. पहाटे तो फाट्यावर गेला, बोरीच्या फांद्या तोडल्या आणि कड्याच्या वाटेवर आडव्या टाकल्या. चांगली कमरेएवढी कुंपाटी झाली. तो निघाला, पण दहा पावलांवर थांबला. त्या दिवशी धाराशिवहून मोठा गट येणार होता. रणधीरनं बजावलं होतं, सगळं साफ पाहिजे. काटे बघून तो चिडेल, उद्यापासून येऊ नको म्हणेल, असं त्याच्या मनात आलं. एवढ्या वर्षांनी मिळालेला मान जाईल. तो मागं फिरला आणि एकेक फांदी ओढून बाजूला टाकली. एका दिवसात काय होतंय, असं स्वतःशी म्हणाला आणि लोहाऱ्याच्या जीपमध्ये बसला.

त्या गटात वनमालाबाई होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलं होतं. मुलगा अनिरुद्ध सोबत होता. त्यानं पाटी वाचली, आईच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तो बाकीच्यांबरोबर झऱ्याकडं गेला. कड्याची वाट पहिली दोनशे-तीनशे पावलं सपाटच जाते, झाडीतून तलावही दिसतो. शंका यावी असं काही नव्हतं.

दुपारी शेळ्यांमागं गेलेल्या एका बाईला त्या कड्याखाली दिसल्या. जीव गेलेला होता.

कोंडीराम संध्याकाळी अणदूरला उतरला तेव्हा स्टँडवरच त्याला कुणीतरी सांगितलं. तो तिथंच फुटपाथवर बसला. अंगात लग्नातला नवा सदरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्या निघाल्या. सिमेंटातले खांब दोन माणसांनी तासाभरात उपटले. नंतर चौकशी झाली. समितीच्या वहीत लिहिलं होतं, 'वाटांची आखणी व खुणा, कोंडीराम.' रणधीरनं सांगितलं की पाट्यांबद्दल आपल्याला कुणी काही बोललंच नव्हतं. कोंडीरामला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "म्या सांगितलं हुतं." साक्षीदार कोण, तर कुणी नाही. पुढं काही सिद्ध झालं नाही, कुणावर काही झालं नाही. वाटा बंद केल्या आणि कोंडीरामला कामावर येऊ नको म्हणून निरोप आला.

त्याला याचं फारसं काही वाटलं नाही. त्याला काटे दिसत होते. जेवताना, भाकरी मोडताना, तो मधेच हात थांबवी.

महिन्याभरानं तो म्हणाला, "म्या धाराशिवला जातो. त्या बाईच्या लेकाकडं."

"कशाला?" दैवशाला म्हणाली. "त्ये मारतील तुम्हाला."

"मारू दे."

अनिरुद्धचं घर शोधायला त्याला अख्खी सकाळ लागली. दार अनिरुद्धनंच उघडलं. कोंडीरामनं दारातच उभं राहून सगळं सांगितलं. पाट्यांचं, रणधीरचं आणि शेवटी काट्यांचं. काट्यांचं त्यानं तोवर दैवशालालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," अनिरुद्ध म्हणाला.

"व्हय."

"आणि तुम्ही काटे टाकले होते."

"टाकले हुते. माझ्याच हातानं काढले."

अनिरुद्ध दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "आत या." कोंडीराम आत गेला नाही. तो उंबऱ्याबाहेरच बसला आणि अनिरुद्ध आतल्या बाजूला, जमिनीवर.

"तिनं मला वरून फोन केला होता," अनिरुद्ध म्हणाला. "म्हणाली, अरे, ही सोपी वाटसुद्धा मला झेपेना. धाप लागते, पाय घसरतो. लोकांना जे सोपं, तेही मला जमत नाही आता, इतकी का मी म्हातारी झाले? मला वाटलं, ही नेहमीसारखी कच खाते. मी हसलो. म्हटलं, आई, लहान पोरं जातात तिथून. घाबरू नकोस, जा हळूहळू पुढं."

कोंडीरामनं मान वर केली नाही.

"ती परत फिरणार होती," अनिरुद्ध म्हणाला. "मीच पुढं जा म्हटलं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका."

"न्हाय सांगत."

"आणि पुन्हा इकडं येऊ नका. तुम्ही वाईट आहात असं नाही. पण तुम्हाला बघवत नाही मला."

कोंडीराम उठला. माफी मागायची असं ठरवून आला होता, ती मागायची राहून गेली. परतीच्या एसटीत त्याला कळेना, आपण त्या माणसाचं ओझं कमी केलं की वाढवलं. पाट्या उलट्या होत्या हे अनिरुद्धला आधीच कळलं होतं. पण काटे एकदा आडवे पडले होते, आई कुंपाटीपाशीच थांबली असती, हे त्याला आता कळलं. ते त्याला जन्मभर पुरणार होतं. घरी आल्यावर कोंडीराम दैवशालाला एवढंच म्हणाला, "गेलो नसतो तर बरं झालं असतं."

त्या पावसाळ्यात बांधावरची वाट तरवडानं आणि घाणेरीनं बुजली. तलाव भरला तेव्हा कडेचे काही धोंडे पाण्याखाली गेले. दैवशालाचं चालणंही थांबलं. त्या वाटेवर चालून तिचा खुबा जरा मोकळा झाला होता, आता ती पुन्हा अंगणापुरती उरली. एकदा ती म्हणाली, "चला की, बांधापर्यंत तरी." कोंडीराम उठून घरात गेला.

रानात तो परत गेला नाही. मेंढक्यांनी बोलावलं, मध काढणाऱ्यांनी बोलावलं, तरी गेला नाही. आता तो अणदूरला एका आडत दुकानात पोती शिवतो.

मागच्या चंपाषष्ठीलाही तो तिथंच बसला होता. यात्रेची गर्दी होती. कर्नाटकातून आलेली एक म्हातारी, हातात भंडाऱ्याची पिशवी, दुकानाशी थांबली आणि मोडक्या मराठीत तिनं त्याला विचारलं, खंडोबाच्या देवळाकडं कुठल्या बाजूनं जायचं. देऊळ तिथून दोन गल्ल्या टाकून होतं. कोंडीरामनं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या पायांकडं. त्याचे ओठ हलले.

"दुसऱ्या कुणाला इच्यारा, आक्का," तो म्हणाला. "मला न्हाय म्हाईत."

म्हातारी पुढं गेली. त्यानं दाभण उचललं आणि पुढचं पोतं ओढून घेतलं.