शिळ्या भाताच्या तीन मास्तरणी

तिघी बाया एका चुलीवर जेवायला लागल्या की वर्षभरात इतके किस्से साचतात, की सांगणारीचा घसा सुकतो पण किस्से संपत नाहीत!

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. सावलीच्या मुलींच्या शाळेत आम्ही तिघी मास्तरणी होतो: हेडबाई सगुणाबाई, ब्रह्मपुरीची अनसूया आणि नागपूरहून आलेली मी. एक खोली, एक चूल आणि बेताचा पगार. अन्न टाकलेलं सगुणाबाईंना अजिबात खपत नसे.

*

अनसूयेला एक्सपेरिमेंटचा भारी नाद. सकाळच्या भाताला तिनं दुपारी फोडणी दिली. संध्याकाळी उरला त्यात बेसन घालून भजी तळली. भजी उरली, ती दुसऱ्या दिवशी कढीत सोडली. तिसऱ्या दिवशी सगुणाबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"अनसूये, हा भात कोणत्या वारचा?"

"सोमवारचा, बाई."

"मंग त्याले आता पेन्शन दे!"

*

पावसाळ्यात तरोट्याची भाजी रस्त्याच्या कडेला फुकट उगवते. अनसूया आणि मी ती पदरात खुडून आणायचो. एकदा गावच्या पाटलीणबाईंनी आम्हाला पाहिलं. संध्याकाळी दारात पाच-सहा बाया हजर! कोणाच्या हातात तांदूळ, कोणाकडे जवसाची चटणी, कोणाकडे गरम भाकरी.

पाटलीणबाई रागानंच बोलल्या, "पगार नाई आला तं सांगाचं ना! आमच्या पोरीईले शिकवता अन् सोता पाला काऊन खाता?"

आम्ही लाजेनं अर्ध्या झालो. पगार आला होता हो! पण नको म्हटलं असतं तर त्या दुखावल्या असत्या. सगळं घेतलं. बाया गेल्या, सगुणाबाईंनी दार लावलं आणि हळूच म्हणाल्या,

"उद्या बी त्याच रस्त्यानं जाजा!"

*

लाखोळीची डाळ स्वस्त, म्हणून रोज तीच शिजायची. ती फार खाल्ली की पाय जातात, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. एके दिवशी वर्गात उठायला गेले तर डावा पाय जागचा हलेना! मुलींसमोरच मला रडू फुटलं. लग्न व्हायचं होतं माझं. आता काठी घेऊन मांडवात उभी राहू का?

सगुणाबाई धावत आल्या. पाय चोळला, करकचून चिमटा काढला. मी किंचाळले.

"मांडी घालून कवापासून बसली होतीस?"

"सकाळपासून. वह्या तपासत होते."

"मुंग्या आल्या तुले! डाळीले काऊन बदनाम करून राह्यली?"

जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी दोन वाट्या डाळ जास्तच खाल्ली.

*

आता शेवटचा. होळीच्या तोंडावर एका गोंड मुलीच्या आईनं टोपलीभर वाळली मोहफुलं दिली. अनसूयेनं निम्म्यांच्या गोड भाकरी केल्या, आणि त्या खरंच झकास झाल्या. उरलेली फुलं खिरीसाठी मडक्यात भिजत घातली. तेवढ्यात सुटी लागली आणि गडबडीत आम्ही तिघी आपापल्या गावी निघून गेलो.

चार दिवसांनी परतलो तर खोलीभर आंबूस दर्प. मडकं फसफसत होतं! अनसूयेनं ते उचललं आणि परसात ओतायला निघाली, तर फाटकात आबकारीचे जमादार! गावात मोहाच्या दारूची भट्टी शोधत फिरत होते.

"बाई, वास कायचा येऊन राह्यला?"

मनात म्हटलं, नोकरी गेली, अब्रू गेली! अनसूया मडकं छातीशी धरून तशीच उभी. सगुणाबाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी सगळं खरं सांगितलं.

"खिरीसाठी भिजवले होते जी. सुटीत इसरलो."

जमादारांनी मडक्यात वाकून पाहिलं. बोट बुडवलं. चाखलं. मग आमच्या तिघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. टोपी सारखी केली आणि सायकलवर टांग टाकली. आम्ही तिघींनी एकदमच श्वास सोडला.

फाटकाबाहेर जाऊन जमादार थांबले. वळून म्हणाले,

"बाई, आणखी दोन दिवस ठेवा लागन!"