वॉटर्लूचा पाऊस

आमचे हे दातांच्या कवळ्या बनवतात. पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल आणि मागच्या खोलीत वॉटर्लूची लढाई. गंमत नाही सांगत. तिथे पलंगाएवढ्या फळीवर कवळीच्या प्लास्टरच्या टेकड्या आहेत, भांड्याच्या हिरव्या घासणीची कुंपणं आहेत आणि बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई आहेत. नेपोलियनचे निळे, इंग्रजांचे लाल आणि इंग्रजांच्या मदतीला उशिरा येणारे प्रशियन काळपट निळे. एकदा कुठल्याशा पलटणीच्या कॉलरचा रंग चुकला म्हणून यांनी अख्खी पलटण पुन्हा रंगवली, आणि तिकडे एक आजोबा कवळीवाचून पेज पीत बसले होते. आता बोला!

खेळ असा, की दोघांनी दोन बाजू घ्यायच्या आणि फासे टाकत सैन्य पुढे न्यायचं. सुरुवात मात्र इतिहासात होती तशीच हवी, त्यात तसूभर फरक यांना खपत नाही. तिथून पुढे ज्याचं त्याचं डोकं आणि ज्याचे त्याचे फासे. यांच्यासमोर बसायला एकच माणूस तयार असतो, ते म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या तोंडातली कवळीसुद्धा यांच्याच हातची. मास्तर दर वर्षी नेपोलियनकडून खेळतात आणि दर वर्षी हरतात. मग चहा घेतात, "वहिनी, पुढच्या वर्षी बघाच तुम्ही," म्हणतात आणि घरी जातात.

या वर्षी ते डावाच्या काही दिवस आधीच येऊन बसले. मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते.

"तिथे एवढी फळी मावायची नाही, आणि खेळायला आहे कोण?" ते यांना म्हणाले. "हा शेवटचाच डाव. एकदा जिंकून जावंसं वाटतं रे. एवढं कर, पाऊस काढून टाक."

लढाईच्या आदल्या रात्री म्हणे धो धो पाऊस पडला होता. जमीन जरा वाळावी म्हणून नेपोलियन सकाळभर थांबला. म्हणून यांच्या खेळातही मास्तरांनी सकाळभर हात बांधून बसायचं, आणि पुढे सरकायला लागले की प्रशियन येऊन टपकायचे.

"पाऊस पडला होता म्हणजे पडला होता," हे म्हणाले.

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. चहा न घेताच उठले. मी अशी भडकले!

"अहो, माणूस गाव सोडून चाललाय! त्या पावसाचं काय लोणचं घालायचंय?"

"खोटा डाव मांडू? ते त्यांना आवडेल?"

"आणि आता मास्तर आलेच नाहीत, तर त्या शिपायांशी गप्पा मारत बसा!"

हे रुसून मागच्या खोलीत गेले आणि आपलंच कसं खरं ते मला दाखवायला त्यांनी होती नव्हती ती पुस्तकं काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. तोंड असं, की मला वाटलं कुणाची कवळी फुटली.

"अगं, घोळ झालाय," म्हणाले. "प्रशियन आले त्या रस्त्यांवरही चिखलच होता. तोफांची चाकं रुतत होती. मी चिखल फक्त मास्तरांना लावला. माझे प्रशियन इतकी वर्षं कोरड्या रस्त्याने येतायत."

"म्हणजे काय, छत्र्या घेऊन येत होते?" मला हसू आवरेना. यांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चपला घातल्या, तडक मास्तरांकडे गेले आणि चूक कबूल केली. आता प्रशियनांनाही प्रत्येक चालीला चिखलाचा फासा, तो नीट पडला तरच पाऊल पुढे.

मास्तर डावाला आले ते घुश्शातच. "दया म्हणून नियम बदलला असशील तर आत्ताच सांग."

"पुस्तक दाखवू?"

"नको. मांड."

मी चहाच्या निमित्ताने सारखी आत-बाहेर करत होते. मास्तरांनी सकाळ नेहमीसारखी हात बांधून काढली. मग प्रशियन आले आणि फळीच्या कडेलाच रुतून बसले. यांना हवा तो फासा काही पडेना. "अरे, चला ना रे!" हे चक्क शिशाच्या शिपायांवर ओरडले. तोवर मास्तर टेकडी चढले, लाल रांग फुटली आणि डाव संपला.

मला वाटलं, यांनी मुद्दाम सोडला. मास्तरांनाही तीच शंका आली असावी. त्यांनी यांच्याकडे निरखून पाहिलं. आणि यांचा अवतार काय वर्णावा! गाल फुगलेले, कान लालबुंद, फासा उलटासुलटा करून बघतायत. "हा फासाच बिघडलाय," असं पुटपुटले. यांना खोटं रुसता येत नाही हे मला ठाऊक आहे, आणि मास्तरांनाही. ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"बघ, माझ्याच कवळीने मला हसतायत!" यांनी माझ्याकडे तक्रार केली.

मास्तरांनी डोळे पुसले आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पाऊस काढला नाहीस ते बरं केलंस रे. काढला असतास, तर आज मी काय घेऊन गेलो असतो?"

मास्तरांना मुलीकडे जाऊन बरेच दिवस झाले. फळी अजून तशीच आहे, यांनी एकही शिपाई हलवलेला नाही. परवा मी फडकं घेऊन टेकडीवरची धूळ पुसायला गेले, तर पुढच्या खोलीतून ओरडले, "अगं, हात नको लावू, तिथे मास्तर आहेत!"