बिल्कीसचे बारा सेकंद

रेडिओ दुरुस्ती बिल्कीस वडिलांकडे बघत शिकली. अकोल्यात गयासुद्दीनमियांचं छोटं दुकान होतं. खरखर आली की ते संशयाची एकेक वायर सोडवायचे आणि कान लावून बसायचे. पुढं मुलगी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक झाली, पण हाताची सवय तीच राहिली.

कॉलेजला एका संशोधन रॉकेटवर जागा मिळाली. हे रॉकेट वर राहायला जात नाही. काही मिनिटं मोजमाप करतं आणि समुद्रात पडतं. तेवढ्यात वरच्या विरळ थरात इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा आणि त्यानं रेडिओ लहरी उठतात का, ते ऐकायचं. ऐकणारा रिसीव्हर बिल्कीसनं स्वतः जोडला. शिवाय भांडून बारा सेकंद मागून घेतले. त्या वेळात झोताच्या यंत्राला वीज पूर्ण द्यायची, झोत बाहेर पडतो ते तोंड मात्र बंद ठेवायचं.

"एवढं चढवून बारा सेकंद नुसते बसायचे?" विभागप्रमुख हेमचंद्र सर हसले होते.

रॉकेट उडालं, पडलं. रिसीव्हरनं शिट्टीसारखे आवाज टिपले. तपासणी समितीनं लिहिलं: यंत्राची वीज रिसीव्हरमध्ये झिरपली, जोडणी सदोष. खाली बिल्कीसची सही हवी होती.

"करून टाका, बाई," हेमचंद्र सर म्हणाले. "चूक मान्य केली तर दुसरं उड्डाण तरी मिळेल."

"अन् जे ऐकू आलं, ते?"

"ते विसरा."

"काहून विसरू? सर, अहवालातल्या या आलेखात माहे बारा सेकंद कुठी हायेत?"

"तिथं काहीच नव्हतं. कापले आम्ही."

"काहीच नव्हतं!" बिल्कीस उठून उभी राहिली. "वीज तर तेवढीच होती न? झिरपली असती त तेव्हाबी शिट्ट्या वाजल्या असत्या. तोंड बंद, आवाज बंद. मंग आवाज कोनाचा? झोताचाच न?"

सरांनी आलेख जवळ ओढून पाहिला. मग हळूच म्हणाले, "पटतंय. पण समितीत मोठी माणसं आहेत. पुढच्या उड्डाणाच्या यादीतून तुमचं नाव जाईल."

"जाऊ द्या. चांगल्या जोडणीले मी खराब म्हणत नाही."

सहीच्या जागी तिनं 'अमान्य' लिहिलं, खाली दोन ओळींत कारण. कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

"अहो, तो कागद आज पाठवायचाय!" सरांनी हात पुढं केला.

तिनं पर्सची चेन ओढली. "कापलेले बारा सेकंद आलेखात जोडा पहिले. मंग मागा."