अण्णांचा मोडलेला चातुर्मास

सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या पुढं, एक जुना मातीचा तलाव आहे. तो मोठ्या पुरात टिकेल की नाही हे तपासायचं काम माझ्याकडं आलं, आणि पहिल्याच दिवशी मी त्याच्या सांडव्यावर उभी राहून अशी काही ओरडले की सोबतचा शाखा अभियंता गुपचूप जीपकडं निघून गेला. माझा स्वभाव तापट आहे. नोकरी लागल्यावर निवळेल असं आईला वाटायचं. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत तो उलट पिकला.

पण ओरडण्यासारखंच होतं. तलाव भरला की जादा पाणी ज्या मोकळ्या वाटेनं निघून जातं ती वाट म्हणजे सांडवा. मातीच्या धरणाचा सगळा जीव त्या वाटेत. ती अडली तर पाणी चढत जातं, धरणाच्या माथ्यावरून वाहायला लागतं, माती कापतं, आणि मग धरण धरण राहत नाही. इथं सांडव्याच्या ऐन तोंडात देवस्थान उभं होतं. शेंदूर लावलेले सात दगड, म्हणजे साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या देवी. त्यांना सिमेंटचा ओटा, ओट्याला फरशी, गुरं शिरू नयेत म्हणून भोवती भिंत, वर पत्रे, चढायला पायऱ्या. सांडव्याचं निम्मं तोंड बंद.

ज्यांनी हे बांधलं त्यांची नियत वाईट नव्हती, हे मला नंतर कळलं. तलावाच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी एक वस्ती आहे. तिथली हळद, तिथला हरभरा, सगळं या पाण्यावर. तलाव भरून सांडवा वाहायला लागला की वस्तीवरच्या बायका येऊन पाण्याची ओटी भरायच्या, आणि भरायच्या कुठं, तर जिथून पाणी उसळताना दिसतं तिथंच. पोरीचं लग्न जमलं म्हणून कुणी फरशी बसवली, कुणाला नातू झाला त्यानं पत्रे टाकले. उपकार मानता मानता त्यांनी पाण्याचीच वाट बुजवली होती.

मी हिशोब मांडला. तलाव बांधला तेव्हा पाऊस जरा रीतीनं पडायचा. आता तो महिनाभर तोंड लपवतो आणि एखाद्या सकाळी सगळा ओतून मोकळा होतो. असा पाऊस वरच्या माळावर पडला तर तलावात पाणी किती येईल, सांडव्यातून जाईल किती आणि उरलेलं कुठवर चढेल, हे मी परत परत करून बघितलं. ओटा राहिला तर पाणी माथ्यावरून जाणार, यात शंका नव्हती. ओटा काढला तर माथ्याच्या खाली राहत होतं, पण जेमतेम.

वस्तीवर जाऊन सांगितलं, तर कुणी ऐकेना. आसराला रोज दिवा लावणारी एक आजी होती, वस्तीवर तिचा शब्द चालायचा. ती म्हणाली, "बाई, आजवर तर काही झालं न्हाई. आता काहून हलवून राहिल्या आमच्या आसराला?" मी नकाशे दाखवले, पावसाचे आकडे सांगितले, शेवटी चिडून पोलीस बंदोबस्ताची भाषा केली. त्या शब्दासरशी सगळे उठून गेले. माझं नेहमी असंच होतं. बरोबर बोलते आणि माणसं घालवते.

हिंगोलीला घरी आले आणि जेवताना तोच राग ताटावर काढला. माझे वडील समोर बसले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गावातल्या देवळाची पूजा त्यांनी उभा जन्म केली, आता थकले म्हणून पुतण्याकडं सोपवली होती. नेमाचा माणूस. अंगात ताप असला तरी स्नान चुकलं नाही, उपास धरला तर पाण्याचा घोटसुद्धा हिशोबानं. माझ्या कामात त्यांनी कधी नाक खुपसलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतला आणि उद्या मी येतो म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही कशाला, उन्हाची तकलीफ. सरकारी गाडीत बसणार नाही म्हणाले आणि काळीपिवळी जीपमध्ये खताच्या पोत्यांत अंग चोरून, सेनगाववरून, माझ्या आधी तिथं पोचले.

वस्तीवरच्या लोकांनी त्यांना आदरानं बसवलं आणि एकच मागणं केलं, देवीला कौल लावा. ती हो म्हणाली तर हलवू. मला वाटलं, संपलं. देवळातला माणूस, लावतील कौल, आणि नाही आला म्हणजे माझं सगळं गणित गेलं नाल्यात. पण अण्णांनी साफ नकार दिला. कौल उलटा आला तर वरून येणारं पाणी थांबणार आहे का, असं त्यांनीच विचारलं. आसरा पाण्यात राहणाऱ्या, त्यांना कोरड्यात ओट्यावर आपण आणून बसवलं, आपल्याच हातानं परत पाण्याकाठी नेऊ, असं ते समजावत राहिले. माझ्यासारखा आवाज चढवला नाही. माणसं हळूहळू मऊ झाली. आजी तेवढी अडून बसली.

"आन् आसरा कोपल्या तर, महाराज?"

"कोपल्या तर आधी माझ्यावर कोपतील," अण्णा म्हणाले. "यंदाचा चातुर्मास मी तुमच्या वस्तीवर करतो. आषाढीला येऊन बसतो. कार्तिकीपर्यंत वस्तीची शीव ओलांडणार नाही."

यावर आजीनं अडणं सोडलं. चातुर्मास एका जागी धरायचा म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा बरं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सात बायकांनी सात दगड पदरात घेऊन तलावाच्या वरच्या काठाला नेले, आणि ओटा फोडायला ज्यांनी तो बांधला तेच टिकाव घेऊन आले. सांडवा मोकळा झाला. आणि मी धरणावर उभी राहून मनात म्हटलं, झालं, आता माझा हिशोब चुकला तर सगळ्यांत आधी बाप जाईल.

ते आषाढीला खरंच येऊन बसले. आजीच्या घराच्या ओसरीत एक चटई, पळी-पंचपात्र, पोथी आणि आम्ही बळंच दिलेला मोबाइल. मी आठवड्याला जायची ती धरण बघायला, असं ऑफिसात सांगायची. खरं म्हणजे अण्णांना बघायला जायची. ते मजेत होते. लेकरांना श्लोक शिकवत, आजीशी शेंगांच्या चटणीत मीठ किती यावर भांडत. आणि मी घरी येऊन परत तोच हिशोब उघडून बसायची.

भाद्रपदात तो पाऊस आला. पहाटेपासून धरलेला, सकाळ झाली तरी दम घेईना. मी पोचले तेव्हा सांडवा दोन्ही काठ धरून चालला होता आणि तरी तलाव चढत होता. धरणाच्या माथ्यावर एका ठिकाणी बैलगाड्यांच्या जाण्यायेण्यानं खोलगट झालं होतं. तिथं आमची माणसं आणि गावकरी मातीची पोती रचत होते. मी पाणी बघितलं, आभाळ बघितलं. हिशोब सांगत होता की टिकेल. पण हा पाऊस हिशोबातल्या पावसाच्या पुढं चालला होता, आणि खाली वस्ती होती.

मी तलाठ्याला सांगितलं, वस्ती उठवून शाळेत न्या. शाळा उंचावर होती, जवळ होती. थोड्या वेळानं त्याचा फोन आला की लोक उठायला तयार नाहीत. महाराज बसलेत ना, म्हणतात. ते बसलेत तोवर आम्हाला काय होतंय.

मी अण्णांना फोन लावला. पावसाच्या आवाजात मला ओरडावंच लागलं. म्हटलं, अण्णा, वस्ती खाली करा. त्यांनी विचारलं, धरण जाणार का?

"माहीत नाही. बहुतेक नाही जाणार," मी म्हटलं. "पण तिथं लेकरं आहेत अण्णा, मला बहुतेक चालत नाही."

त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. आजवर एक नेम मोडला नव्हता त्या माणसानं. आणि हा तर चारचौघांत, देवीला साक्षी ठेवून धरलेला. मग बरं म्हणाले आणि फोन बंद झाला.

पुढचं मला आजीनं सांगितलं. अण्णा पोथी गुंडाळून उठले, ओसरीतून चिखलात उतरले आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाले की मी निघालो, ज्याला जीव प्यारा आहे त्यानं माझ्या मागं या. आजी आडवी आली. महाराज, शीव ओलांडू नका, असं करू नका. ते तिच्या बाजूनं निघून गेले. थकलेलं अंग, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पण मागं वळून बघितलं नाही. शिवेवरचा दगड त्यांनी सगळ्यांत आधी ओलांडला. आता महाराजच उठले म्हटल्यावर कोण थांबतंय, सगळी वस्ती लेकराबाळांसकट मागं निघाली. आजी शाळेपर्यंत त्यांना शिव्या देत आली.

दुपारी पाऊस सरला. पाणी माथ्याच्या वीतभर खाली येऊन थांबलं आणि मग उतरायला लागलं. ओटा जागेवर असता तर ते वरून गेलं असतं, हे तिथं उभ्या असलेल्या कुणालाही सांगावं लागलं नाही. मी पोत्यांवर बसले आणि चक्क रडले. सगळ्यांदेखत, मॅडम असून.

धरण राहिलं. वस्तीत घरात पाणीसुद्धा शिरलं नाही. म्हणजे अण्णा तिथंच बसून राहिले असते तर नेमही राहिला असता आणि मानही. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला कसंतरीच झालं. मी त्यांची माफी मागायला गेले, तर म्हणाले, भूक लागलीय, आजीनं पिठलं टाकलंय, बस.

दोन-चार दिवसांनी ऊन पडल्यावर बायका तलावाची ओटी भरायला आल्या, या वेळी वरच्या काठाला. सगळं गाव होतं. नारळ फुटले, पेढे वाटले. तेवढ्यात एका टग्यानं अण्णांना गाठलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "महाराज, आसरा न्हाई कोपल्या, धरण बी न्हाई फुटलं. तुमीच तेवढे पळाले."

लोक हसले. आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. माझं डोकं फिरलं. उभ्या जन्माचा नेम ज्यानं तुमच्या लेकरांसाठी चिखलात टाकला त्याला हसता, असं सगळं माझ्या ओठावर आलं होतं. अण्णांनी मला हातानं थांबवलं. तेही हसत होते.

"पळालो ना," ते म्हणाले. "माझ्या लेकीनं सांगितलं, पळा, मी पळालो. पुन्हा सांगेल, पुन्हा पळेन."